प्रवासबंदीची बातमी देताना तारखेबरोबर तासही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथीच्या काळात ‘अमुक देशाने सीमा बंद केल्या’, ‘पर्यटकांना पुन्हा मुभा’ अशा बातम्या पहिल्या पानावर येतात. देशाचे नाव ठळक असते. पण बंदी नेमकी कोणत्या क्षणापासून, तो क्षण विमान सुटण्याचा धरायचा की उतरण्याचा, आणि घड्याळ कोणत्या देशाचे, हे बातमीत सहसा नसते. ज्याच्या हातात तिकीट आहे त्याला तेवढेच हवे असते. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेहून आलेली दोन विमाने ॲमस्टरडॅमला उतरली. नेदरलँड्सची बंदी ती हवेत असतानाच लागू झाली होती. प्रवाशांना काही तास धावपट्टीवर विमानातच बसवून ठेवण्यात आले, मग चाचण्या झाल्या आणि ६२४ पैकी ६१ जण कोविडबाधित निघाले. साथीतला प्रवास हे असे तास आणि दिवस मोजण्याचे काम आहे. सूचना मात्र सगळ्या मास्क, सॅनिटायझर आणि ‘काळजी घ्या’ यांच्याभोवती फिरतात. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी.

आधी बंदीविषयी. बंदीने साथ रोखली जाते का? क्वचित, आणि तीही वेळेत घातली तरच. १९१८ च्या इन्फ्लूएंझात ऑकलंडहून निघालेले ‘टॅलुन’ हे जहाज ७ नोव्हेंबरला पश्चिम सामोआतील अपिया बंदराला लागले. त्यावरच्या आजारी प्रवाशांना उतरू दिले गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथली सुमारे एक पंचमांश वस्ती दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी बंदर आधीच बंद केले होते. तिथे या साथीने एकही बळी घेतला नाही. पण ते बेट होते, येण्याची वाट एक होती, आणि दार रोग आत येण्याआधी लागले. २३ जानेवारी २०२० रोजी वुहान बंद झाले तोवर संसर्ग चीनच्या इतर शहरांत पोचला होता. नंतरच्या गणिती अभ्यासानुसार त्या बंदीने चीनमधील साथ फक्त तीन ते पाच दिवसांनी पुढे ढकलली. परदेशांत जाणारे रुग्ण काही आठवडे बरेच कमी झाले, एवढा लाभ मात्र झाला. कोविडच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची गोष्ट तर आणखी बोलकी. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेला कळवले आणि दोन दिवसांत अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून येणारी विमाने बंद केली. पुढे नेदरलँड्सनेच सांगितले, की आपल्याकडच्या १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांत हा प्रकार आढळला आहे. दार लावले तेव्हा पाहुणा घरात बसलेला होता. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्या देशालाच शिक्षा झाली, हे वेगळे.

म्हणजे बंदी रोग अडवत नाही, ती वेळ विकत घेते. त्या वेळात खाटा, प्राणवायू, लस यांची सोय झाली तर तिचा उपयोग. पर्यटकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. बंदी नाही म्हणजे धोका नाही असे नव्हे, कारण बंदी नेहमी रोगाच्या मागून येते. आणि ती येते तेव्हा पूर्वसूचना तासांची असते, दिवसांची नव्हे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतही, प्रवासात मोठा अडथळा आणणाऱ्या निर्बंधाचे कारण देशाने तो लागू केल्यापासून ४८ तासांत कळवावे अशी तरतूद आहे. आधी कळवण्याची सक्ती नाही.

आता शब्दांचा घोळ. क्वारंटाइन आणि आयसोलेशन या दोन्हींना मराठीत सर्रास ‘विलगीकरण’ छापले जाते. पहिले निरोगी पण संपर्कात आलेल्या माणसासाठी, दुसरे आजारी माणसासाठी. पहिल्याला ‘अलगीकरण’ म्हणावे, हा शब्द प्रचारात आहेच. फरक शब्दापुरता नाही, मोजणीचा आहे. अलगीकरणाचे दिवस शेवटच्या संपर्कापासून मोजतात, विलगीकरणाचे लक्षणे दिसल्यापासून किंवा, लक्षणे नसतील तर, चाचणीच्या दिवसापासून. खोलीत एकत्र राहणाऱ्या दोघांपैकी एक पाचव्या दिवशी बाधित निघाला, की दुसऱ्याचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. दहा दिवसांची सहल पंचवीस दिवसांची होते ती इथे. जोडीने जाणाऱ्यांनी एकाला वेगळी खोली मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारून ठेवावे.

दिवस किती, हे रोगाच्या अधिशयन काळावर, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळावर ठरते. फ्लूचा एक ते चार दिवस, पीतज्वराचा तीन ते सहा, इबोलाचा दोन ते एकवीस. मूळ कोविडमध्ये निम्म्या रुग्णांना साधारण पाच दिवसांत आणि लक्षणे येणाऱ्यांपैकी ९७.५ टक्के लोकांना साडेअकरा दिवसांत लक्षणे आली. म्हणून १४ दिवस. ओमिक्रॉनमध्ये हा काळ तीन दिवसांच्या आसपास आला आणि नियमही आखडले. ‘क्वारंटाइन’ या शब्दातले (इटालियन ‘क्वारांता’, म्हणजे चाळीस) चाळीस दिवस मात्र कुठल्याच सूक्ष्मजंतूने सांगितलेले नाहीत. रागुसाने (आजचे दुब्रोव्हनिक) १३७७ मध्ये तीस दिवस ठरवले, पुढे त्यांचे चाळीस झाले.

चाचणीबद्दलचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. ‘७२ तासांतला निगेटिव्ह अहवाल’ म्हणजे निरोगीपणाचा दाखला नव्हे. २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार, संसर्ग झालेल्या माणसाची आरटी-पीसीआर चाचणी पहिल्या दिवशी हमखास निगेटिव्ह येते, चौथ्या दिवशी ६७ टक्के वेळा, लक्षणे सुरू होतात त्या दिवशी ३८ टक्के वेळा, आणि आठव्या दिवशी, म्हणजे सर्वांत भरवशाच्या वेळीही, २० टक्के वेळा. घशा-नाकातल्या पेशींत विषाणू पुरेसा वाढायला वेळ लागतो, स्वॅब त्याआधी घेतला तर त्यात काही सापडणार कसे? म्हणून न्यूझीलंडने आलेल्या प्रवाशांना १४ दिवस ठेवून तिसऱ्या आणि बाराव्या दिवशी चाचणी केली. तिसऱ्या दिवशीची घरून आणलेला संसर्ग पकडते, बाराव्या दिवशीची वाटेत किंवा तिथेच झालेला. उलट बाजूही आहे. बरा झालेला माणूस पुढे कित्येक आठवडे आरटी-पीसीआरमध्ये पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण चाचणीला विषाणूचे मेलेले तुकडेही दिसतात. निघण्याआधीच्या तीन महिन्यांत आजारी पडलेल्यांनी पहिल्या पॉझिटिव्ह अहवालाची तारीख असलेला कागद जपून ठेवावा. युरोपीय संघाच्या प्रमाणपत्रात बरे झाल्याचा दाखला ११ व्या ते १८० व्या दिवसापर्यंत चालत असे, आणि मोजणी त्याच तारखेपासून होती.

विमानतळावरच्या ताप मोजण्याच्या बंदुकीबद्दल एकच सांगतो. सार्स या श्वसनरोगाच्या साथीत, २००३ मध्ये, कॅनडाने लाखो प्रवासी तपासले. सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. इबोलासारखा आजार लक्षणे आल्यावरच पसरतो, तिथे ताप बघण्यात अर्थ आहे. जो लक्षणांआधीच पसरतो, तो ताप नसतानाच पुढे निघून जातो, आणि ताप असला तरी तो दडवायला पॅरासिटामॉलची एक गोळीही पुरते.

कागदपत्रांत माणसे अडकतात ती क्षुल्लक गोष्टींवर. ७२ तास स्वॅब दिल्यापासून की अहवाल आल्यापासून? पहिले विमान सुटेपर्यंत की शेवटचे उतरेपर्यंत? प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे होते. म्हणून हिशेब उलटा करावा. शेवटच्या ठिकाणी उतरण्याची वेळ घ्यावी, ती स्वॅब दिला त्या ठिकाणच्या घड्याळात बदलावी, तिथून ७२ तास मागे जावे, आणि त्यात विमान लांबण्यासाठी बारा तासांची फट सोडावी. हाती साठ तासच उरतात. प्रवास वीस तासांचा असेल तर चाळीस. त्यात अहवाल वेळेवर मिळायला हवा. शनिवारी स्वॅब देणाऱ्याने प्रयोगशाळा रविवारी अहवाल देते का हे विचारलेले नसते, आणि सोमवारच्या विमानाला तो रिकाम्या हाताने उभा असतो. अहवालावर पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर तसेच, पासपोर्ट क्रमांक, स्वॅबची तारीख आणि तास, चाचणीचा प्रकार, प्रयोगशाळेचे नाव आणि क्यूआर कोड हवा. पासपोर्टवर पूर्ण नाव आणि अहवालावर फक्त आद्याक्षर, एवढ्यावर माणसे परत पाठवली जातात. शिवाय तुम्हाला अडवणारा पहिला माणूस इमिग्रेशनचा अधिकारी नसतो, चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी असतो. त्याच्या समोर टिमॅटिक या नियमसंग्रहाचा पडदा असतो. नियमबाह्य प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला होतो, त्यामुळे तो शंकेचा फायदा तुम्हाला देत नाही. दूतावासाच्या संकेतस्थळावरील नियमाची तारखेसह छापील प्रत हातात असेल तर निदान बोलणे तरी सुरू होते. मोबाइलची बॅटरी आणि विमानतळाचे वाय-फाय यांच्या भरवशावर राहू नये.

मधल्या थांब्याचे गणित आणखी अवघड. एकाच पीएनआरवर दोन विमाने असतील तर बहुधा सामान परस्पर पुढे जाते आणि प्रवासी ट्रान्झिट भागातच राहतो. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, की सामान घ्यायला त्या मधल्या देशात प्रवेश करावा लागतो, आणि मग त्या देशाचेही सगळे नियम लागू होतात. काही देश मागच्या १४ दिवसांत तुम्ही कुठे होतात हे पाहतात. तिथे मधल्या थांब्याचे चार तासही मोजले जाऊ शकतात. साथीच्या काळात थेट विमान महाग असले तरी शेवटी स्वस्त पडते.

विम्यातही तारीखच निर्णायक. साथ ‘ज्ञात घटना’ झाल्यानंतर घेतलेली पॉलिसी तिच्यामुळे झालेले रद्दीकरण बहुधा देत नाही. आपल्या परराष्ट्र खात्याने ‘जाऊ नका’ म्हटले असताना गेल्यास अनेक पॉलिसी निकामी होतात, अगदी पाय मोडला तरी. भीतीपोटी रद्द केलेली सहल साध्या पॉलिसीत बसत नाही. आणि एक खाच बहुतेकांना उशिरा कळते. कंपनीने विमान रद्द केले तर परताव्यासाठी भांडायला जागा असते. पण विमान उडाले आणि सीमा बंद असल्यामुळे तुम्ही चढू शकला नाहीत, तर कंपनीच्या नोंदीत तुम्ही ‘नो-शो’ असता. म्हणून पॉलिसी घेताना तीन प्रश्न लेखी विचारावेत: महासाथ वगळलेली आहे का, सक्तीच्या अलगीकरणाचा रोजचा खर्च मिळतो का आणि किती दिवस, आणि आजारी अवस्थेत मायदेशी आणण्याचा खर्च धरला आहे का.

आता प्रत्यक्ष प्रवास. विमानातील हवेला उगाच बदनाम केले जाते. हवेत उडताना केबिनमधील हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते, त्यातली साधारण निम्मी बाहेरची असते, उरलेली हेपा या अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून जाते. वरून खाली वाहत असल्याने ती रांगांमध्ये फारशी लांब जात नाही. धोका आहे तो जमिनीवर: बोर्डिंगच्या रांगेत, एरोब्रिजमध्ये, आणि इंजिन बंद असताना विमान उभे असते तेव्हा, कारण त्या वेळी वायुवीजन मंदावलेले असू शकते. लोक नेमके उलटे वागतात. रांगेत मास्क हनुवटीवर आणि आकाशात नाकावर. काढायचाच असेल तर उड्डाणानंतर काढावा, तोही शेजारचा जेवून मास्क लावून बसल्यावर. डोक्यावरची हवेची नळी बंद करू नये. मध्यम ठेवून झोत चेहऱ्याच्या जरा पुढून खाली जाईल असा वळवावा. खिडकीजवळच्या जागेशी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा संपर्क कमी येतो. बसमध्ये एकच खिडकी उघडून भागत नाही, पुढची एक आणि मागची एक उघडली तर हवा वाहते.

एन-९५ मास्क गाळतो तो कापडामुळे, पण वाचवतो तो कडेमुळे. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबली तर मधोमध टोक येते आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्यावी. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा मानेवर, कानांखालून. दोन्ही मानेवर आले की मास्क खाली ओघळतो. मग मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे वारा लागला तर पट्टी पुन्हा दाबावी. चष्म्यावर वाफ येणे ही फट असल्याची खूण आहे. दाढीवर कड बसत नाही. झडपेचा मास्क घालणाऱ्याचे रक्षण करतो, समोरच्याचे तेवढे नाही, म्हणून अनेक विमान कंपन्यांनी तो नाकारला. भिजलेला किंवा श्वास जड करणारा मास्क टाकून द्यावा. लांबच्या प्रवासाला माणशी तीन तरी जवळ हवेत. सॅनिटायझर ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोलचे, बाटली १०० मिलीपर्यंतची, आणि चोळून वीस सेकंद ओले राहील इतके घ्यावे. जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर मात्र ते फारसे चालत नाही, तिथे साबण आणि पाणीच.

हॉटेलच्या खोलीकडे फार कमी लोक डोळसपणे पाहतात. न्यूझीलंडमध्ये २०२० साली अलगीकरणाच्या एका हॉटेलात बाराव्या दिवसाच्या चाचणीसाठी दारे उघडली गेली. एका बाधिताचे दार बंद होणे आणि शेजारचे उघडणे यांत जेमतेम पन्नास सेकंद गेले होते, आणि शेजारच्या खोलीत संसर्ग पोचला. दोघे समोरासमोर आले नव्हते; बंद कॉरिडॉरमध्ये हवा साचलेली होती. म्हणून दार वाजल्यावर आधी मास्क लावावा, कॉरिडॉरमधले पाऊल वाजणे थांबल्यावर, निदान दोन मिनिटांनी, दार उघडून ठेवलेली वस्तू घ्यावी. खोली घेतानाच उघडणारी खिडकी मागावी. बरेच दिवस बंद असलेल्या हॉटेलात आणखी दोन गोष्टी कराव्यात. न्हाणीघराच्या जमिनीवरच्या जाळीत एक-दोन तांबे पाणी ओतावे. खालच्या वाकड्या नळीतले पाणी आटले की सांडपाण्याच्या नळातली हवा वर येते. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत २००३ मध्ये सार्सचे तीनशेहून अधिक रुग्ण झाले, त्यामागे हे आटलेले पाणी हे एक प्रमुख कारण मानले गेले. दुसरे, शॉवरचे डोके काढून किंवा पिशवीत गुंडाळून थंड आणि गरम पाणी पाचेक मिनिटे सोडावे आणि त्या वेळी बाहेर थांबावे. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो.

नेहमीची औषधे ठरलेल्या दिवसांहून दोन आठवडे जास्तीची, मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत, आणि औषधाचे मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत. ऑक्सिमीटर नेणाऱ्यांनी समुद्रसपाटीला आपला नेहमीचा आकडा लिहून ठेवावा. तो ९४ च्या खाली आला तर डॉक्टरांना दाखवावे हा नियम तिथला आहे. तीन हजार मीटरवर धडधाकट माणसाचाही आकडा नव्वदच्या आसपास येतो. डोंगरावर डोकेदुखी, मळमळ, थकवा उंचीचा की रोगाचा हे ओळखणे कठीण. घसा दुखणे, खोकला आणि बराच ताप असेल तर रोगाचा संशय आधी घ्यावा. दोन्हींत वर चढणे थांबवायचे असते. थंड बोटे आणि नेलपॉलिश आकडा बिघडवतात, सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो.

परतल्यावर विमानतळावरच चाचणी करून मोकळे होण्यात हशील नाही, वर दिलेल्या टक्केवारीवरून ते कळेल. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी करावी आणि तोवर वृद्ध, गर्भवती, केमोथेरपी घेणारे यांच्याकडे जाऊ नये. जाताना हाच विचार उलट्या दिशेने हवा. पर्यटक जिथे हौसेने जातो त्या बेटावर किंवा खेड्यात बहुधा एखादाच दवाखाना असतो आणि त्यातल्या खाटा तिथल्या माणसांसाठी मोजून ठेवलेल्या असतात. खोकला असताना सहल पुढे ढकलणे हा त्यांच्याशी साधा व्यवहार आहे.

संपादक महाशय, एक मागणी आहे. निर्बंधाच्या प्रत्येक बातमीखाली एक लहान चौकट छापावी. त्यात लागू होण्याची तारीख आणि तास, दोन्ही देशांच्या घड्याळांप्रमाणे. तो तास सुटण्याचा की उतरण्याचा. विमानात बसलेल्यांचे काय. ट्रान्झिट प्रवाशांना लागू की नाही. चाचणीचे तास कशापासून मोजायचे. आणि नियम पुन्हा तपासला जाण्याची तारीख जाहीर झाली असल्यास ती. सहा ओळींत बसते. आणि नियम सैल झाल्याची बातमीही त्याच पानावर, त्याच आकारात यावी. बंदी पहिल्या पानावर आणि सुटका नवव्या पानावर, यात कितीतरी लोक मोकळ्या झालेल्या तारखांची तिकिटे रद्द करून बसतात.

आपला,
प्रवासाशी संबंधित आरोग्यक्षेत्रातील एक वाचक